सिस्टीम बदलण्याची तीन कारणं

"आधी स्टुलावर बस. मग बोल."

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे कम्प्युटरची कुठलीही तक्रार घेऊन गेलं की सुरुवात अशी व्हायची. घरात सोफा होता, दोन वेताच्या खुर्च्या होत्या, पण तक्रारदारानं स्टुलावरच बसायचं. सोफ्यावर बसलेला माणूस पसरतो आणि मग बोलणंही पसरतं, असं त्यांचं म्हणणं. मी त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायचे, नाहूरला. लग्नाआधीची चार-पाच वर्षं मी त्या स्टुलावर जेवढी बसले तेवढी आमच्या घरात नसेन बसले. आई वैतागायची. म्हणायची, तुझं अंथरूण-पांघरूण पण वरच पाठवून देते.

पहिल्यांदा गेले ती खरं तर मिरवायला. ऐरोलीच्या एका कंपनीत मला नोकरी लागली होती, लोकांचे कम्प्युटर अडले की सोडवायची. वर मी लिनक्स वापरणारी, त्यामुळे डोक्यात हवा गेलेली. दारातूनच सांगितलं, "काका, मी डिस्ट्रो बदलतेय. सगळं उडवून नवीन टाकणार."

आता हे डिस्ट्रो प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लिनक्स म्हणजे कम्प्युटर चालवणारी सिस्टीम, फुकट मिळते, कोणीही घ्यावी आणि आपल्या पद्धतीनं सजवून पुढे वाटावी. अशा सजवलेल्या प्रत्येक प्रकाराला डिस्ट्रो म्हणतात. मालवणी मसाल्याचं कसं, मिरची तीच, धणे तेच, पण प्रत्येक घरची बरणी वेगळी आणि प्रत्येकीला वाटतं आपलाच खरा. तसंच. आणि आमच्यासारख्या लोकांना खाज असते, सारखी बरणी बदलायची.

काकांनी माझ्यासमोर कागद ठेवला, पेन्सिल ठेवली. "तीन कारणां लिही. अक्षर काढून लिही."

मी झटकन लिहिलं, एक, कंटाळा आला. त्यांनी वाचलं आणि रेघ मारली. "कंटाळो तुझो. सिस्टीमचो काय गुन्हो?" दुसरं लिहिलं, नवीनमध्ये दिसायला छान आहे. त्यावरही रेघ. तिसरं सुचेना. काका म्हणाले, "तीन महिन्यांनी ये. तोवर तिसरां सापडलां तर बदल."

भयंकर राग आला मला. खाली येऊन त्याच संध्याकाळी सिस्टीम उडवली, नवीन टाकली, आणि प्रिंटर बंद पडला. वाट लागली नुसती. चार दिवसांनी पुन्हा स्टुलावर.

काका विक्रोळीच्या एका मोठ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तेहेतीस वर्षं यंत्रांचे नकाशे काढले, तेही बहुतेक हातानं. अक्षर असं की वाण्याच्या यादीतलं 'जिरे' सुद्धा छापल्यासारखं दिसायचं. रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, भजनाला जातात. यांनी लिनक्स धरलं. कोणी शिकवलं नाही, स्वतःच पुस्तकं आणून, मोडून, जोडून शिकले. मूळचे मालवणकडचे. चारचौघांत बोलताना शुद्ध बोलायचे, पण राग आला की किंवा जीव गुंतला की सरळ मालवणी सुरू. माझ्याशी ते बहुतेक मालवणीच बोलत. यातलं कारण कुठलं ते मी कधी विचारलं नाही.

काकू भांडुपच्या म्युनिसिपल शाळेत शिक्षिका होत्या, म्हणून काकाही त्यांना 'बाई' म्हणत. काचबिंदूनं त्यांची नजर हळूहळू गेली. मी ओळखायला लागले तेव्हा त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळायचा. पण काकूंचा कम्प्युटर म्हणजे काय होता, विचारू नका. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्रॅम काकांनी त्यात बसवला होता. काकू कानाला हेडफोन लावून बसायच्या, बोटं कीबोर्डवर. बातम्या वाचायच्या, अमेरिकेतल्या बहिणीला पत्रं लिहायच्या, जुन्या विद्यार्थ्यांशी भांडायच्या. त्या मराठी वाचणाऱ्या आवाजाला भावना नावाचा प्रकार नव्हता. लग्न ठरलं आणि माणूस गेला, दोन्ही एकाच सुरात. काकू त्याला 'भावजी' म्हणायच्या. "आज भावजी फार भराभर वाचतायत, घाईत दिसतात," असं म्हणून त्याचा वेग कमी करायच्या.

त्या घराचा एक नियम होता, काकांनीच केलेला. कागद हातात घेतला की तो मोठ्यानं वाचायचा. लाइटचं बिल असो, लग्नाची पत्रिका असो, औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली चिठ्ठी असो. मनातल्या मनात वाचायचं नाही. "बाई खोलीत आसताना गपचीप वाचणां म्हणजे कानात कुजबुजणां," काका म्हणायचे. पाहुण्यांनासुद्धा सूट नव्हती. एकदा सोसायटीचे सेक्रेटरी मीटिंगची नोटीस घेऊन आले, तर काकांनी त्यांनाच ती उभ्यानं वाचायला लावली. त्यात थकबाकीदारांत सेक्रेटरींच्या मेव्हण्याचं नाव होतं. काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मलाही सवय जडली. ऑफिसात कोणाची मेल उघडली की मी मोठ्यानं वाचायला लागायचे आणि शेजारचे दचकायचे.

तर असे हे काका. दुसऱ्याला तीन कारणं विचारणारे, स्वतः आठ वर्षं एकच सिस्टीम चालवणारे. ती त्यांनी इतकी हातानं बदलली होती की तिला मूळचं नावच उरलं नव्हतं. काकू पलंगावरून उठून खुर्चीत बसेपर्यंत ती बोलायला लागायची. तिला ते 'घरची' म्हणत.

आणि एक दिवस काकाच म्हणाले, "घरची आता बदलूक व्हयी."

मी उडालेच. त्यांचं कारण तसं बरोबर होतं. त्या जुन्या सिस्टीमला मूळ बनवणाऱ्यांकडून सुधारणा मिळणं बंद होणार होतं. रोज सकाळी पडद्यावर तशी सूचना यायची आणि भावजी ती न चुकता काकूंना ऐकवायचे. म्हटलं, त्यात काय, एका दुपारचं काम. मी करते.

"तू?" काका म्हणाले आणि माझ्याकडे नुसते बघत राहिले.

मग सुरू झाला बघण्याचा कार्यक्रम. हे नाव काकांचंच. लिनक्सचं एक बरं असतं, पेन ड्राइव्हवरून तात्पुरतं चालवून बघता येतं, घरात कायमचं घ्यायची गरज नाही. दर रविवारी दुपारी एक डिस्ट्रो यायची, आणि खरंच कांदेपोहे व्हायचे. काकू हेडफोन लावून बसायच्या, मी कम्प्युटर चालू करायचे, काका त्यांच्या जुन्या ड्रॉइंग बोर्डवर मोठा कागद लावून रकाने भरायचे. सुरू व्हायला किती वेळ, आवाज, मराठी, दर्शन. प्रत्येकीला त्यांनी टोपणनाव दिलं होतं. एक 'शिष्ट', कारण तिला काही विचारलं की उलट आपल्यालाच पुस्तक वाचायला सांगायची. एक 'घाईगडबड', तिची नवी आवृत्ती सारखी येत राहायची. एक होती 'म्हातारी'. चालवायला गेलो तर काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. तिच्या दर्शनाच्या रकान्यात काकांनी शून्य लिहिलं, पाच मिनिटांत तिची पाठवणी केली आणि आम्ही पोहे संपवले.

काकूंचे निकाल मात्र ऐकण्यासारखे असत. एका डिस्ट्रोत नवा गोड बायकी आवाज होता, मी तर खूश. काकूंनी दोन वाक्यं ऐकली. "ही फार लाडात बोलते गं. अशा बायका शाळेच्या तपासणीला यायच्या आणि मागाहून शेरा मारायच्या. नको."

दोन महिने गेले, तीन गेले. एवढी पारख तर काकांनी मुलीसाठी जावई बघताना पण केली नव्हती म्हणे. मला कळेचना. हा माणूस विक्रोळीला अख्ख्या यंत्राचा नकाशा आठवड्यात पुरा करायचा आणि इथे एका कम्प्युटरवर अडून बसलाय. एकदा काका पाव आणायला गेले तेव्हा मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुला सांगते, खाली बोलू नकोस. डॉक्टरांनी यांना हृदयाची झडप बदलायला सांगितलीय. चार महिने झाले. हे तारीखच घेत नाहीत. विचारलं की म्हणतात, आधी कम्प्युटरचं होऊ दे."

"काकू! कम्प्युटरसाठी ऑपरेशन थांबवलंय?"

"घाबरलेत, दुसरं काय. काहीतरी निमित्त हवं ना." पण म्हणताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. लिफ्ट असूनही काका जिनाच चढत, आणि वर आले की दारात थोडं थांबत, हे मीही बघितलं होतं. मला वाटलं होतं चप्पल काढतात.

त्याच सुमारास भावकीच्या कामासाठी दोघं गावी जाऊन आली. परत आल्यावर काकूंनी जे सांगितलं ते ऐकून मी स्टुलावरून पडायचीच बाकी होते. काकांनी ग्रामदेवतेला कौल लावला होता, सिस्टीमसाठी! कोकणात ही जुनी रीत. लग्न, विहीर, कोर्टकचेरी, काही अडलं की देवाला विचारायचं. गुरव ओले तांदूळ मूर्तीच्या अंगावर चिकटवतो. उजवीकडचा दाणा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. काकूंनी गुरवाची नक्कल करून दाखवली.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराच्या घरात एक यंत्र आसा. तेच्यातली जुनी सिस्टीम काढून नवी घालूची की नाय, ह्या कोड्यात तो पडलो हा. तेका वाट दाखय रे म्हाराजा!"

"आणि सगळे काय म्हणाले?"

"होय म्हाराजा!" काकू म्हणाल्या. "विहिरीला म्हणतात तसंच. सिस्टीम म्हणजे काय ते एकाला ठाऊक नव्हतं."

"मग? उजवा की डावा?"

"पडेच ना गं. तास झाला, दोन्ही दाणे जागच्या जागी. शेवटी गुरव यांना म्हणाला, प्रश्न अर्धो आसा. मनात आणखी काय तां पण सांगा. तर हे तडक उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. दिवसभर माझ्याशी धड बोलले नाहीत."

काकू हसत होत्या. मीही हसले. पण खाली येताना ते डोक्यातून जाईना. उरलेला अर्धा प्रश्न काय? आणि देवासमोरसुद्धा बोलता येत नाही असं काय असतं? मला देवाबिवाचं फारसं नाही, पण त्या गुरवाला मी मनातल्या मनात हात जोडले. कम्प्युटर न बघता त्यानं दुखणं ओळखलं होतं.

पुढच्या रविवारी मी वर गेले तर काका औषधं आणायला उतरलेले. काकू पोह्यांना फोडणी घालत होत्या, त्यांना त्यात कोणाची मदत चालत नसे. मी ड्रॉइंग बोर्डपाशी उभी. रकान्यांचा तो कागद नेहमीसारखा लावलेला, पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की त्याची उजवी कड मागे दुमडून क्लिपनं दाबलीय. मला कुठे राहवतंय? क्लिप काढली, कड उघडली. आणखी एक रकाना होता. आणि त्या घरात हाताला, जिभेला जी सवय लागली होती तिनं घात केला. मी मोठ्यानं वाचलं.

"'मी नसताना'."

आतला झारा थांबला. गॅस बंद झाल्याचा आवाज आला. काकू भिंतीला हात लावत बाहेर आल्या.

"काय वाचलंस?"

"काही नाही काकू."

"कागद आहे ना हातात? पुढे वाच."

मी कागदाची कड परत दुमडायला लागले. पण त्यांच्या समोर खोटं बोलायची माझी काय टाप! शिक्षिका त्या. मी वाचत गेले. शिष्ट, कोणाला जमणार नाही. घाईगडबड, दुसरा मजला करू शकेल, पण सहा महिन्यांनी पुन्हा तेच. घरची, माझ्याशिवाय कोणाला कळणार नाही, ही माझी चूक. आणि खाली चौकटीत, त्या सुंदर अक्षरात, 'दुसरा मजला : हुशार. मनाची चांगली. घाई करते. लग्न ठरलं तर?'

म्हणजे तीन महिने बघण्याचा कार्यक्रम माझा चालला होता! मी बसून पोहे खात होते आणि मला मार्क पडत होते. कानशिलं तापली माझी. पण रागावर रडूच जास्त आलं. काकू नसत्या तर मी तिथेच भोकाड पसरलं असतं. अख्ख्या जगात लपवायला काकांना जागा उरली होती ती फक्त कागदाची. काकूंना कागद तेवढा वाचता येत नव्हता.

"संपलं?" काकूंनी विचारलं.

"हो."

"तिसऱ्या मजल्याबद्दल काही लिहिलंय?"

"नाही."

"मी तिसऱ्याच मजल्यावर राहते ना गं?"

तेवढ्यात किल्ली वाजली. काका आत आले, माझ्या हातातला कागद बघितला, काकूंचा चेहरा बघितला. "मोठ्यान वाचलंस?" एवढंच विचारलं. मी मान हलवली. नियम त्यांचाच होता, बोलणार काय.

काकू म्हणाल्या, "यासाठी ऑपरेशन थांबवलंत?"

काका औषधांची पिशवी तशीच धरून उभे राहिले. मग बांध फुटल्यासारखे बोलायला लागले. "मी थंयसर हॉस्पिटलात पडान आसतलंय, आणि हयसर भावजी बंद पडले तर? तू कोणाक सांगतलंस? कोण तरी येतला म्हणान दिवसभर गप बसतलंस? डोळे गेले तेव्हा वर्षभर तशी बसलेलंस तू. मी बघलंय ना. माका तां परत नको."

ते वर्ष मला माहीत नव्हतं. बिल्डिंगमध्ये कोणालाच नसावं. काकूंनी चाचपडत खुर्ची ओढली आणि बसल्या. मग शाळेत विचारावं तसं विचारलं, "मला एक सांगा. सिस्टीम घालतानाच बोलते, पहिल्यापासून, अशी कुठली आहे का? म्हणजे मी स्वतः घालू शकेन अशी?"

काका चाचरले. "एक आसा. म्हातारी. पण ती दिसाक इतकी…"

"दिसायला?" काकू म्हणाल्या.

देवाशपथ, मी खो खो हसत सुटले. अश्रू गळतायत आणि हसतेय. काका आधी चिडले, मग स्टुलावर बसले, आणि मग त्यांचेही खांदे हलायला लागले. तेहेतीस वर्षं नकाशे काढलेला माणूस, नजर नसलेल्या बायकोसाठी सिस्टीम शोधताना दर्शनाचा रकाना आखून बसला होता!

पुढच्या रविवारी पोहे झाले नाहीत. मी काकूंच्या सगळ्या फाइली बाजूला काढून ठेवल्या, पेन ड्राइव्ह लावला आणि मॉनिटरची पिन काढून टाकली. काका म्हणाले हे जरा अती होतंय. काकू म्हणाल्या, "मी जे बघू शकत नाही ते तुम्ही पण बघायचं नाही. नाहीतर मधे मधे कराल." काका दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. कम्प्युटरनं बारीकशी शिट्टी दिली, काकूंनी एक बटण दाबलं, एंटर दाबलं, आणि म्हातारी बोलायला लागली. इंग्रजीत, एकेक प्रश्न, पर्यायांना आकडे. काकू आकडा दाबायच्या, पुढचा प्रश्न यायचा. पहिल्या खेपेला डिस्कच्या प्रश्नावर आकडा चुकला आणि सगळं अडकलं. काकांचा एक हात बाहेर आला. "हात!" काकू म्हणाल्या, मान न वळवता, खुर्चीच्या आवाजावरूनच. हात परत गेला. दुसऱ्या खेपेला इंटरनेट गेलं. तिसऱ्या खेपेला मात्र प्रश्न पुढे पुढे सरकत गेले. माझ्या हातात काही नव्हतं, म्हणून असेल, पण त्या दिवशी मी पहिल्यांदा सिस्टीम घालणं म्हणजे काय ते नीट ऐकलं.

मग म्हातारीनं विचारलं, हा कम्प्युटर वापरणाऱ्याचं नाव काय?

काका सवयीनं स्वतःचं नाव सांगायला लागले. काकूंनी तोवर टाइप केलं होतं. एकेक अक्षर यंत्रानं परत वाचून दाखवलं. काकूंचं नाव, माहेरच्या आडनावासकट.

"तुझां?" काका म्हणाले.

"मग कोणाचं? आठ वर्षं तुमच्या नावानं आत जातेय मी." पुढचा प्रश्न पासवर्डचा होता. काकू म्हणाल्या, "दोघांनी भिंतीकडे तोंड करा."

आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो, एक सत्तरीचा आणि एक अठ्ठावीस वर्षांची, वर्गाबाहेर काढल्यासारखे. मागे बटणं वाजत होती. काका हळूच मला म्हणाले, "फोन दी गो तुझो. माझो चार्जिंगक आसा." आणि तिथेच, भिंतीकडे तोंड करून, त्यांनी डॉक्टरांना फोन लावला आणि ऑपरेशनची तारीख मागितली.

मंगळवारी सकाळी मुलुंडच्या हॉस्पिटलात जायचं ठरलं. त्या सकाळी त्यांची मुलगी बडोद्याहून आली होती, खाली गाडी उभी होती. काका बूट घालून दारापर्यंत गेले आणि परत आले. काकू कम्प्युटरपाशी बसल्या होत्या, हेडफोन गळ्यात.

"बाई, पासवर्ड काय ठेवलंस तो तरी सांग."

काकूंनी त्यांच्या शर्टाची कॉलर चाचपडली, नीट केली. "घरी या, मग सांगते."

दोन आठवड्यांनी आले. लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवून, दारातच पहिला तोच प्रश्न विचारला. आता मी लग्न होऊन चारकोपला आहे आणि या गोष्टीला चार वर्षं होतील. काका फोन करून माझ्याकडे कुरकुर करतात. काकूंनी अजून सांगितलेला नाही.